क्लॅट झाली, जागा मिळाली. आता राष्ट्रीय विधि विद्यापीठात नेमकं काय वाट्याला येतं? (नाशिककरांसाठी धागा)

गोदाकाठ

दर वर्षी क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासेसबाहेर अभिनंदनाचे फलक लागतात. जूननंतर त्या मुलांचं काय होतं, हे मात्र मराठीत कुठे सापडत नाही. म्हणून हा धागा. अनुभवकथन नको, माहिती द्या. सुरुवात मी करतो.

क्लॅटमध्ये १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. सगळे प्रश्न उताऱ्यांवर. ही परीक्षा वाचनाचा वेग तपासते. विद्यापीठात गेल्यावर लागतं ते वेगळंच, संथ वाचन. चाळीस पानी निकालातला नेमका कुठला परिच्छेद बंधनकारक आहे आणि कुठला न्यायाधीशांनी जाता जाता केलेला शेरा आहे, हे वेगळं काढता येणं म्हणजे पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यास. पहिल्याला रेशो म्हणतात, दुसऱ्याला ऑबिटर. भरभर उतारे सोडवायची सवय लागलेली मुलं इथे अडखळतात, कारण त्यांना प्रत्येक निकालातून एक ‘उत्तर’ हवं असतं.

पहिल्या वर्षी साधारणपणे करार कायदा, टॉर्ट म्हणजे अपकृत्यं, कायद्याची अभ्यासपद्धती आणि बीए एलएलबी असेल तर राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांपैकी दोन-तीन विषय असतात. संविधान आणि फौजदारी कायदा बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षापासून. बंगळुरूला सहामाहीऐवजी तिमाही सत्रं आहेत. तिथे विषय सुरू झाला म्हणेपर्यंत परीक्षा येते, आणि एक आठवडा आजारपणात गेला तर तो भरून काढायला जागाच राहत नाही. इतरत्र वर्षाला दोन सत्रं.

वर्गांचेच आठवड्याला तीसच्या आसपास तास होतात. त्यावर रोज तीस ते साठ पानांचं वाचन. पहिल्या महिन्यात एक निकाल नीट वाचायला चार-पाच तास लागतात, आणि ते साहजिक आहे. दिवाळीपर्यंत तेच काम दीड-दोन तासांवर यायला हवं. आलं नाही तर वाचनाची पद्धत चुकते आहे असं समजा. हुशारीशी त्याचा संबंध नाही.

पाथर्डीफाटा

धाग्याबद्दल आभार. पालकांच्या बाजूने तीन प्रश्न. मुलीचं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं असेल तर कितपत जड जातं? हजेरीचं काय? आणि ‘फ्रीझ’, ‘फ्लोट’ हा काय प्रकार आहे? क्लासवाले घाईत सांगतात, कळत नाही.

गोदाकाठ

@पाथर्डीफाटा, शेवटचं आधी, कारण त्याला मुदत असते.

समुपदेशनाच्या फेऱ्या होतात. एखाद्या फेरीत जागा मिळाली की तीन पर्याय समोर येतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की, पुढच्या फेरीत नाव नाही. फ्लोट म्हणजे ही जागा धरून ठेवतो, पण पसंतीक्रमात वरची मिळाली तर ती द्या. तिसरा पर्याय बाहेर पडण्याचा. फ्लोटमध्ये वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. म्हणून सगळी भिस्त पसंतीक्रमावर. जिथे जायचंच नाही असं विद्यापीठ क्रमात वर ठेवून नंतर हळहळण्यात अर्थ नाही. आणि मुदत संध्याकाळची असेल तर पैसे आदल्या दिवशी भरा. बँकेची व्यवहारमर्यादा आड आली म्हणून जागा गेली, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं.

दुसरी चूक कागदपत्रांची. महाराष्ट्रातली तीन राष्ट्रीय विधि विद्यापीठं म्हणजे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. तिथे महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. अर्ज भरतानाच रहिवासाची आणि प्रवर्गाची नोंद बरोबर हवी. दाखला सेतू किंवा आपले सरकारवरून अकरावीतच काढून ठेवा.

अनुच्छेद१७

प्रवर्गाबद्दल जोडतो, कारण चांगली गुणवत्ता असलेली मुलं इथे अडकतात. ही सगळी विद्यापीठं त्या त्या राज्याच्या कायद्याने उभी राहिलेली आहेत, त्यामुळे आरक्षणाची रचना प्रत्येक ठिकाणी वेगळी. महाराष्ट्राबाहेर ओबीसीची जागा मागायची असेल तर बहुधा केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला आणि केंद्राच्या यादीत जातीचं नाव लागतं. राज्याचा नमुना तिथे चालेल असं गृहीत धरू नका. आपल्याकडच्या विजा-भज गटातले बरेच समाज केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून येतात, हे पालकांना ठाऊक नसतं. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, तो राज्याबाहेर उपयोगी पडत नाही. जात पडताळणीला वेळ लागतो. बारावीच्या सुट्टीत धावपळ करण्यापेक्षा अकरावीत कॉलेजमार्फत प्रस्ताव द्या.

आता मराठी माध्यमाचं. अडचण इंग्रजी बोलण्याची फार काळ राहत नाही, लिहिण्याची राहते. त्यातही व्याकरणापेक्षा वाक्याची लांबी नडते. कायद्याचं इंग्रजी लांबलचक असतं म्हणून मुलंही तसंच लिहू पाहतात आणि तिसऱ्या ओळीत कर्ता हरवतो. एका वाक्यात एक मुद्दा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर पहिल्या सत्राअखेर फरक दिसतो. शब्दांसाठी एक सोपा उपाय आहे. प्रत्येक नवी संज्ञा वहीत डाव्या बाजूला, मधे कलम, उजव्या बाजूला आपल्या मराठीत अर्थ. ‘कन्सिडरेशन’ला मराठी कायद्यात प्रतिफल म्हणतात हे कळलं की संकल्पना निम्मी उलगडते, कारण त्या शब्दातच ‘बदल्यात मिळालेलं’ हा अर्थ आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संगणकावर फुकट बघता येतात.

हजेरी: बार कौन्सिलच्या (वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचं नियमन करणारी संस्था) २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला किमान ७० टक्के हजेरी आहे, अपवादात्मक कारणाने थोडी सूट. अनेक विद्यापीठांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात. प्रवेशानंतर मिळणारं नियमपुस्तक वाचा. ‘प्रत्येक विषयाला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकूण सरासरी ८५ आहे आणि अर्थशास्त्रात ६२, तर अर्थशास्त्राची परीक्षा अडचणीत येते. मूट म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी गेलेल्या दिवसांची सवलत आपोआप मिळत नाही, आधी अर्ज द्यावा लागतो.

निफाडची_लेक

निकाल वाचायचा म्हणजे नेमकं कसं वाचायचं? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत? केशवानंद भारतीचा निकाल सातशे पानांचा आहे म्हणतात.

गोदाकाठ

@निफाडची_लेक, बरोबर ऐकलंत. २४ एप्रिल १९७३ चा निकाल, १३ न्यायमूर्ती, ११ वेगवेगळी निकालपत्रं, ७ विरुद्ध ६ असं बहुमत. तो पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. शिक्षक परिच्छेद नेमून देतात. त्याआधी शेवटचा गोषवारा बघा, मग न्यायमूर्ती खन्नांचं मत वाचा, कारण सहा-सहा अशा विभागणीत तराजू त्यांच्या मताने झुकला. मूळ चौकटीचं तत्त्व, म्हणजे घटनादुरुस्तीने संविधानाचा गाभा बदलता येत नाही हे, ‘बहुमताचं’ नेमकं कुठून सुरू होतं, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. ज्यांनी फक्त टिपणं वाचलेली असतात ते तिथेच सापडतात.

साध्या निकालासाठी क्रम असा ठेवा. आधी कोणतं न्यायालय, किती न्यायमूर्ती, कोणतं वर्ष. मग वस्तुस्थिती पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत. मग खालच्या कोर्टांनी काय ठरवलं. मग वादाचा प्रश्न ‘का’ किंवा ‘आहे का’ने संपणाऱ्या एका वाक्यात. मग उत्तर आणि त्याचं कारण, परिच्छेद क्रमांकासह. हे सगळं एका पानात बसलं पाहिजे. सुरुवातीला छापलेली हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, तो निकालाचा भाग नाही. प्रकल्पात हेडनोटमधलं वाक्य कोर्टाच्या तोंडी घातलं तर गुण जातात, आणि जावेतच.

अनुच्छेद१७

कलमांच्या क्रमांकांबद्दल एक सावधगिरी, सध्याच्या मुलांसाठी फार महत्त्वाची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. पण वाचायचे निकाल जवळपास सगळे जुन्या कायद्यांवरचे आहेत. खुनाची शिक्षा भादंवि ३०२ मध्ये होती, ती आता न्याय संहितेच्या १०३ मध्ये. फसवणुकीचं ४२० गेलं ३१८(४) मध्ये. सर्वांत जास्त घोळ ४८२ चा होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ मध्ये होता, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. उत्तरात नुसतं ‘कलम ४८२’ लिहिलं तर कोणतं, हे परीक्षकाला कळत नाही. कायद्याचं नाव दर वेळी लिहा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५ब आता साक्ष्य अधिनियमाच्या ६३ मध्ये आहे. दोन्ही क्रमांकांचा तक्ता टेबलासमोर चिकटवून ठेवा.

आणि नाशिकच्या मुलांना एक सांगावंसं वाटतं. संविधानाचा अनुच्छेद १७ आणि २५(२)(ब), म्हणजे अस्पृश्यता निर्मूलन आणि मंदिरप्रवेश, शिकताना २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह डोळ्यांसमोर ठेवा. वर्गात देशभरची मुलं असतात. त्या कलमामागचा लढा ज्या गावात झाला तिथून तुम्ही आलेले आहात. समाजशास्त्राच्या किंवा संविधानाच्या प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय कुठला?

निफाडची_लेक

धन्यवाद, हे नीट कळलं. परीक्षेत प्रश्न कसे येतात? ‘व्याख्या लिहा’ असे?

गोदाकाठ

क्वचित. बहुतेक प्रश्न प्रसंगावर असतात. तुमच्याच भागातला एक घेऊ.

पिंपळगावच्या बागायतदाराने जानेवारीत व्यापाऱ्याशी करार केला: २० मार्चपर्यंत १० टन द्राक्षं, ८० रुपये किलो. १५ मार्चला गारपीट झाली, बाग झोडपली गेली. त्या दिवसांत बाजारभाव ११० वर गेला. व्यापारी नुकसानभरपाई मागतो. बागायतदार जबाबदार आहे का?

कच्चं उत्तर असं असतं: ‘गारपीट ही दैवी आपत्ती आहे, कलम ५६ नुसार करार रद्द.’ याला दहापैकी तीन मिळतील. चांगलं उत्तर आधी प्रश्न फोडतं. करार ‘माझ्या अमुक गटातल्या बागेची द्राक्षं’ असा होता, की नुसती ‘१० टन द्राक्षं’? इथेच सगळं ठरतं.

ठरावीक बागेचा माल असेल तर १८७६ चा हॉवेल विरुद्ध कूपलंड हा इंग्रजी निकाल अगदी जवळचा आहे. तिथे ठरावीक जमिनीतले २०० टन बटाटे द्यायचे होते, पिकावर रोग पडला, आणि कमी पडलेल्या मालापुरती विक्रेत्याची सुटका झाली. भारतात आधार करार कायद्याच्या कलम ५६ चा, आणि १९५४ चा सत्यव्रत घोष निकाल. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं की ‘अशक्य’ याचा अर्थ केवळ शारीरिकदृष्ट्या अशक्य एवढाच नाही, कराराचा पायाच ढासळला का ते बघायचं. नुसती द्राक्षं असतील तर बागायतदाराने बाजारातून घेऊन द्यायला हवी होती. महाग पडलं म्हणून करार अशक्य होत नाही, हे २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात पुन्हा सांगितलं आहे. मग कलम ७३ नुसार भरपाई: ११० वजा ८० म्हणजे किलोमागे ३० रुपये, १०,००० किलोंचे ३ लाख रुपये. व्यापारी म्हणाला की दुबईचा मोठा सौदाही बुडाला, तर त्या नफ्यासाठी १८५४ चा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल. करार करताना बागायतदाराला त्या सौद्याची कल्पना होती का? आणि बागायतदाराने आगाऊ रक्कम घेतली असेल तर, करार कलम ५६ खाली संपला तरी, कलम ६५ नुसार ती परत करावी लागते. हा शेवटचा मुद्दा दहातली आठ मुलं विसरतात.

रचना म्हणून प्रश्न, नियम, लागू करणं, निष्कर्ष असा क्रम शिकवतात. गुण तिसऱ्या पायरीला असतात. निष्कर्ष उलटा आला तरी तर्क सरळ असेल तर गुण मिळतात. बारावी बोर्डाच्या सवयीने आलेल्या मुलांना हे पटायला एक सत्र जातं.

मेमोरियल

प्रकल्प आणि मूटबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहिते.

प्रत्येक विषयाला एक संशोधन प्रकल्प असतो, साधारण दोन ते चार हजार शब्दांचा. विषय पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ठरतो आणि मग सगळे तो विसरतात. उशिराला रोज गुण कापले जातात. विषय ‘भारतातील पर्यावरण कायदा’ असा ठेवला की प्रकल्प फसलाच. ‘१९८६ च्या ओलियम वायू प्रकरणातलं पूर्ण उत्तरदायित्व नंतर कोणत्या प्रकरणांत लावलं गेलं नाही आणि का’ असा प्रश्न ठेवला तर लिहायला काहीतरी आहे.

तळटिपांची शैली कोणती ते आधी विचारा. ब्लूबुक आणि ऑस्कोला या दोन नेहमीच्या, काही ठिकाणी विद्यापीठाची स्वतःची. अर्धा प्रकल्प एका शैलीत आणि अर्धा दुसऱ्या शैलीत, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. उचललेला मजकूर शोधायला साम्यतपासणी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, पण शिक्षक आकड्यापेक्षा नेमकं काय जुळतंय ते बघतात. आणि संगणकाकडून लिहून घेतलेल्या मजकुरात अस्तित्वात नसलेले निकाल येतात. खरं वाटणारं नाव, खरा वाटणारा खंड आणि पान, पण असा निकालच नाही. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. एससीसी ऑनलाइन, मनुपात्र हे निकालांचे संग्रह विद्यापीठाच्या खात्यावर मिळतात. सुट्टीत घरी आल्यावर इंडियन कानून आणि सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर फुकट आहे.

मूट: आधी विद्यापीठातली निवडफेरी होते. संघात बहुधा दोन वक्ते आणि एक संशोधक. दोन्ही बाजूंची लेखी मांडणी म्हणजे मेमोरियल लिहावं लागतं. त्यात संदर्भसूची, अधिकारक्षेत्राचं निवेदन, वस्तुस्थिती, वादाचे मुद्दे, युक्तिवादाचा सारांश, सविस्तर युक्तिवाद आणि शेवटी प्रार्थना, म्हणजे कोर्टाकडे केलेली मागणी. पानांची मर्यादा, अक्षराचा आकार, समास यांचे दंड ठरलेले असतात. चांगला संघ दोन-तीन गुणांनी हरतो तो इथे. उभं राहिल्यावर न्यायाधीशाने प्रश्न विचारला की तयार भाषण तिथेच थांबवायचं, आधी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगायचं, मग कारण. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली आपल्याकडची मुलं इथे मागे पडतात, कारण त्यांना मध्ये थांबायची सवय नसते. आवाज चढवू नका, हातवारे नकोत.

पहिल्या वर्षी मूट, वादविवाद, मासिक, कायदेविषयक मदत केंद्र, सगळ्याला नाव देऊ नका. एक लेखनाचं आणि एक बोलण्याचं, बस.

सातबारा

नाशिकच्या कोर्टात काम करणाऱ्याच्या नजरेतून इंटर्नशिपबद्दल.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बार कौन्सिलच्या नियमाने एकूण किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, तीन वर्षांच्याला १२. सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त एका वर्षात धरत नाहीत, म्हणजे सगळी शेवटच्या वर्षावर ढकलता येत नाही. पहिल्याच सुट्टीत मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्मकडे अर्ज करायची घाई दिसते. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलाला फायली जुळवण्यापलीकडे काही देत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा जिल्हा न्यायालयातला वकील, यांच्याकडे चार आठवड्यांत दिवाणी दाव्याचं पूर्ण आयुष्य बघायला मिळतं. वादपत्र, समन्स, कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास, युक्तिवाद, निकाल आणि मग दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी. तिसऱ्या वर्षी दिवाणी प्रक्रिया संहिता शिकताना ज्यांनी हे पाहिलेलं असतं त्यांना ऑर्डर आणि रूल पाठ करावे लागत नाहीत.

काम सुरू करण्याआधी हे शिका: ई-कोर्ट्सवर सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकाने प्रकरण शोधणं, आजचा बोर्ड म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी वाचणं, रोजनामा म्हणजे प्रकरणात तारखेगणिक काय झालं त्याची नोंद वाचणं, नकलेचा अर्ज भरणं. पांढरा शर्ट, काळी पँट, बंद बूट. बँड आणि गाऊन विद्यार्थ्याने घालायचा नाही, तो वकिलीची सनद मिळाल्यावर. रोज संध्याकाळी एका पानाची नोंद: कोणतं प्रकरण, कोणता टप्पा, तारीख का पडली. ‘तारीख का पडली’ हा रकाना सर्वांत जास्त शिकवतो. साक्षीदार आला नाही, पुरसिस म्हणजे लेखी निवेदन दिलं, कागद अस्सल नव्हता, वकीलपत्र नव्हतं. पक्षकाराचं नाव आणि कागद मोबाइलमध्ये काढून घेऊ नका. ते विश्वासाचं काम आहे.

उच्च न्यायालयाची इंटर्नशिप तिसऱ्या वर्षापासून करा आणि मुंबईत राहून करा. पंचवटी एक्स्प्रेसने रोज ये-जा केली तर आठ तास प्रवासात जातात आणि संध्याकाळची चेंबरमधली चर्चा हुकते. खरं शिक्षण तीच देते.

मराठी सोडू नका. पाच वर्षं सगळं इंग्रजीत झालं की परत आल्यावर सातबारा, फेरफार, खरेदीखत वाचता येत नाही अशी मुलं दिसतात. खालच्या कोर्टात साक्ष मराठीत होते. न्यायाधीश व्हायचं असेल तरी मराठी लागतंच.

पाथर्डीफाटा

@सातबारा, न्यायाधीशाच्या परीक्षेला आता पदवीनंतर लगेच बसता येत नाही असं ऐकलं, खरं का?

सातबारा

खरं आहे. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ती तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजतात, आणि न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. म्हणून पदवीनंतर नोंदणी लांबवू नका. नोंदणी शुल्कही आता मर्यादित आहे: ३० जुलै २०२४ च्या निकालानुसार खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याहून जास्त मागितलं तर पावतीवर कारण लिहून मागा. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा, १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकीला गुण वजा नाहीत.

हिशेबाची_वही

पैशांवर कुणीच आलं नाही, आणि पाच वर्षांचा ताण तोच असतो.

या विद्यापीठांचं शुल्क, वसतिगृह आणि खानावळ मिळून वर्षाला साधारण अडीच ते चार लाख. त्यात लॅपटॉप, प्रवास, इंटर्नशिपच्या गावातलं राहणं धरा. कमीत कमी १५ लाख पाच वर्षांचे, बऱ्याच ठिकाणी जास्त. समजा १५ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं, तर हप्ता सुमारे १९,४०० रुपये. शिकत असताना चढलेलं व्याज मुद्दलात मिसळलं तर याहून जास्त. म्हणून निदान व्याज शिकतानाच भरत जा.

आता दुसरी बाजू. नव्या वकिलांना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं असं बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणजे घरी परतून वकिली करायची तर पहिल्या वर्षांत जवळजवळ सगळी कमाई हप्त्यात. हप्त्याच्या दडपणाखाली ज्यांना कोर्टात उभं राहायचं होतं ती मुलं फर्मकडे वळतात. फर्ममध्ये जाण्यात वाईट काही नाही, पण निर्णय आवडीने व्हावा, कर्जाने नाही. कर्जाची रक्कम पहिल्याच वर्षी जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवा.

मार्ग आहेत. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण किंवा जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसऱ्या शिष्यवृत्तीचा लाभ नसेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकतानाच्या काळात ३ टक्के व्याजसवलत. संस्था यादीत आहे का ते पोर्टलवर आधी तपासा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची टॉप क्लास योजना आहे, तिच्यात राष्ट्रीय विधि विद्यापीठं येतात, पण प्रत्येक संस्थेला जागा ठरलेल्या, म्हणून प्रवेशाच्या आठवड्यातच शैक्षणिक विभागात विचारा. महाराष्ट्रातल्या संस्थेसाठी महाडीबीटी हे राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल. गरीब घरातल्या मुलांना क्लॅटच्या तयारीपासून पुढे मदत करणारी इडिया ही संस्था २०१० पासून काम करते, तिच्याकडे बारावीच्या आधीच अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला दर वर्षी नवा लागतो. तहसीलमध्ये एप्रिलमध्ये गर्दी कमी असते, जूनमध्ये रांग.

निफाडची_लेक

मग सरळ नाशिकमध्ये किंवा पुण्यात एमएच-सीईटीने, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेने, प्रवेश घेतला तर?

सातबारा

अगदी विचार करण्यासारखा पर्याय आहे. मुंबईचं शासकीय विधि महाविद्यालय १८५५ पासून, पुण्याचं आयएलएस १९२४ पासून चालू आहे, आणि नाशिकमध्येही चांगली विधि महाविद्यालयं आहेत. शुल्क कितीतरी कमी. सकाळी कॉलेज, दुपारी कोर्ट असं पहिल्या वर्षापासून करता येतं. जिल्हा न्यायालयात वकिली हे ठरलेलंच असेल तर हा रस्ता कमी अंतराचा. राष्ट्रीय विद्यापीठात जे जास्त मिळतं ते ग्रंथालय, मूट, सोबतची मुलं आणि फर्मची कॅम्पस भरती. तिची मुख्य धावपळ चौथ्या वर्षाच्या आगेमागे होते, त्यामुळे पहिल्या तीन वर्षांचे गुणच तिथे मोजले जातात. त्यांपैकी काय हवंय ते आधी ठरवा.

अनुच्छेद१७

@सातबारा यांच्याशी एका बाबतीत मतभेद. ‘ठरलेलंच असेल तर’ म्हणता, पण अठराव्या वर्षी कुणाचं ठरलेलं असतं? कर आकारणी, लवाद, बौद्धिक संपदा, संसदीय कामकाज हे रस्ते मुलांना तिथे गेल्यावरच दिसतात. खर्च झेपत असेल किंवा शिष्यवृत्ती असेल तर जावं, या मताचा मी आहे. परत येऊन नाशिकमध्ये वकिली करायला कुणी अडवत नाही.

सातबारा

‘खर्च झेपत असेल तर’ एवढं धरलंत, मग मतभेद फार उरला नाही.

मेमोरियल

अजून एक राहिलं. पहिल्या सत्राचा निकाल. तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलांना तिथे वर्गात तिसावा-चाळिसावा क्रमांक मिळतो, कारण सगळेच कुठून तरी पहिले आलेले असतात. काही विषयांत गुण एकमेकांच्या तुलनेत ठरतात. पालकांनी ऑक्टोबरमध्ये ‘रँक किती’ हा प्रश्न विचारू नये. त्याऐवजी तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळाली का ते विचारा. बहुतेक ठिकाणी ती दाखवतात आणि मुलं संकोचाने जात नाहीत. शिक्षकांनी कुठे ‘म्हणून काय?’ असं लिहिलंय तिथे तिसरी पायरी, म्हणजे नियम प्रसंगाला लागू करणं, राहिली असं समजायचं. झोप उडाली, जेवण सुटलं, वर्गाला जाणं बंद झालं, तर दोन आठवड्यांत समुपदेशकाकडे जायचं. वसतिगृहाच्या नियमपत्रकात त्यांची वेळ दिलेली असते, आणि केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास चालते, मराठीतही.

पाथर्डीफाटा

सगळ्यांचे आभार. जूनपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत तिने नेमकं काय करावं, एवढं कुणी सांगेल?

गोदाकाठ

कायद्याची जाड पुस्तकं आणू नका. संविधानाची छोटी प्रत घ्या, मराठी-इंग्रजी दोन्ही, आणि भाग तीन (मूलभूत हक्क) दोन्हींत समोरासमोर वाचू द्या. करार कायद्याची कलमं १ ते ३० आणि ७३ ते ७५ नुसती वाचायची, पाठ नाही. आठवड्याला एक छोटा निकाल एका पानात उतरवायचा. पहिला १९१३ चा लालमन शुक्ल विरुद्ध गौरीदत्त घ्या. हरवलेल्या मुलाला शोधायला गेलेल्या नोकराला बक्षिसाची माहितीच नव्हती, मग बक्षीस मिळेल का, एवढाच प्रश्न आहे, आणि निकाल मोजक्या पानांचा. दहा बोटांनी टंकलेखन शिकवा. आणि दोन दिवस जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसू द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३-ब नुसार सुनावणी खुल्या न्यायालयात होते, जागा असेल तर कुणालाही बसता येतं. मोबाइल बंद, न्यायाधीश आत येताना उभं राहायचं, आणि अकराच्या आत पोचायचं. सकाळच्या बोर्डात सगळ्यांत जास्त प्रकरणं पुकारली जातात.

सातबारा

सोमवारी आणू नका, गर्दीत काही ऐकू येत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी या, आणि कोणत्या कोर्टात साक्ष चालू आहे ते शिपायाला विचारा. ते सांगतात.